गोल्फचा लांब, सरळ ड्राइव्ह आणि आपली कंबर

कंबरदुखीचे पेशंट माझ्याकडे रोज येतात. दुचाकीवरून खड्ड्यात आदळलेले, गॅसचं सिलिंडर उचललेले, संगणकापुढे दहा-दहा तास बसणारे. गेल्या काही वर्षांत त्यांत एक नवा प्रकार मिसळला आहे, तो म्हणजे गोल्फ खेळणारे. वय पन्नाशी-साठीचं, नोकरीतून निवृत्त झालेले किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे. तक्रार बहुतेक एकाच शब्दांत येते: "डॉक्टर, ड्राइव्ह लांब जात नव्हता म्हणून जरा जोर लावला आणि कंबर धरली."

मी स्वतः एकोणपन्नासाव्या वर्षी हा खेळ सुरू केला. रविवारी सकाळी खेळतो. माझा ड्राइव्ह काही कौतुकाने पाहावा असा नाही, पण हाडं, सांधे आणि स्नायू यांच्याशी तीस वर्षं संबंध असल्यामुळे दुसऱ्याचा स्विंग बघताना मला बॉलपेक्षा माणसाचं शरीर आधी दिसतं. बॉल लांब का जात नाही आणि कंबर का दुखते, या दोन प्रश्नांचं उत्तर बऱ्याचदा एकच असतं, असं माझं मत झालं आहे. आजचा लेख त्याबद्दल.

ज्यांनी गोल्फ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक होलच्या सुरुवातीला बॉल एका छोट्या खुंटीवर, म्हणजे टीवर ठेवून सर्वांत लांब काठीने मारतात. या काठीला ड्रायव्हर म्हणतात आणि त्या फटक्याला ड्राइव्ह. बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. ड्रायव्हर साधारण ४५ इंच लांब. काठी मागे नेऊन वरून खाली आणायची आणि पुढे जाऊ द्यायची, या सगळ्या हालचालीला स्विंग म्हणतात. काठी वरून बॉलपर्यंत यायला सुमारे पाव सेकंद लागतो, आणि काठीचा बॉलशी प्रत्यक्ष संपर्क असतो सेकंदाचा दोन हजारावा भाग. डोळ्याची पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे त्या क्षणी "आता जोर लावू" असं ठरवून काही करणं शरीराला शक्यच नसतं. जे काही व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं.

जोर आणि वेग

बॉल किती लांब जाईल हे मुख्यतः काठीच्या टोकाच्या वेगावर आणि बॉल त्या टोकाच्या मधोमध लागतो की नाही यावर ठरतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या ड्रायव्हरचा वेग सरासरी ताशी ११३ ते ११५ मैल असतो, हौशी पुरुषांचा ९३ च्या आसपास. ताशी एक मैल वेग वाढला की बॉल ढोबळमानाने अडीच यार्ड पुढे जातो. पाच मैल वाढवले तर बारा यार्डांची कमाई. पन्नाशीनंतर हे जमण्यासारखं आहे. तीस मैल वाढवण्याची स्वप्नं मात्र दुकानदारांना विकू द्यावीत.

हा वेग दंडातून येत नाही. लहानपणी गावाकडे ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं उडवणारा राखणदार ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच कळेल. गोफण फिरवणारा माणूस अंगाने बऱ्याचदा किडकिडीत असायचा, पण दगड सूं सूं करत शेताच्या पार टोकाला जायचा. तो आधी पाय रोवायचा, मग कंबरेखालचा भाग वळायचा, मग छाती, मग हात, आणि सर्वांत शेवटी दोरी सुटायची. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्या भागाला देऊन स्वतः थांबायचा. गोल्फचा चांगला स्विंग हुबेहूब असाच असतो. ओटीपोटाचा सांगाडा, म्हणजे पेल्व्हिस, आधी वळतो, मग छातीचा पिंजरा, मग हात आणि शेवटी काठी. हा क्रम बिघडला, म्हणजे हात आधी निघाले, की कितीही ताकद लावा, दगड समोरच्याच बांधावर पडणार.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, हे तर प्रत्येक कोच सांगतो. खरं आहे. पण कोच सांगतो ते शरीराला करता येतं का, हे कोणी तपासत नाही. माझा मुद्दा इथून सुरू होतो.

"कंबर फिरवा" या सूचनेचा घोटाळा

आपल्याकडचे बरेच कोच आणि कॅडी सांगतात, "साहेब, हाताने मारू नका, कंबर फिरवा." सूचना चुकीची नाही. अडचण आपल्या भाषेत आहे. मराठीत कंबर हा शब्द आपण बरगड्यांच्या खालपासून नितंबांपर्यंतच्या सगळ्या प्रदेशाला वापरतो. पट्टा कंबरेला बांधतो, मूल कंबरेवर घेतो, आणि दुखतं तीही कंबरच. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र इथे दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. एक म्हणजे पाठीच्या कण्याचा खालचा भाग, पाच मणक्यांचा. दुसरी म्हणजे खुबा, मांडीचं हाड जिथे पेल्व्हिसच्या खोबणीत बसतं तो सांधा.

खुबा हा गोल फिरण्यासाठीच बनलेला सांधा आहे. उखळीत मुसळ फिरावं तसं मांडीच्या हाडाचं डोकं खोबणीत फिरतं. कंबरेचे पाच मणके मात्र फिरण्यासाठी बनलेलेच नाहीत. त्यांच्या मागच्या बाजूला जे छोटे सांधे असतात त्यांची ठेवण अशी असते की मणका पुढे वाकतो, मागे जातो, पण पिळ बसायला लागला की ते एकमेकांवर अडतात. एका मणक्याच्या जोडीमध्ये जेमतेम दोन अंश वळण मिळतं. सगळे मिळून दहा ते तेरा अंश. घड्याळाच्या काट्याच्या भाषेत, दोन मिनिटांच्या खुणांएवढं. त्यांच्या वर छातीचे बारा मणके असतात, बरगड्या जोडलेले. त्यांतून एका बाजूला तीसेक ते पस्तीस अंश मिळतात.

आता स्विंगचा हिशेब मांडू. काठी पूर्ण मागे गेली की खांदे सुमारे ९० अंश वळलेले असतात आणि पेल्व्हिस सुमारे ४५. उरलेले ४५ अंश कण्याने द्यायचे: ३५ छातीच्या भागाने, १० कंबरेने. ताळेबंद जुळला. पण माझ्यासारखा माणूस घ्या, जो दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत पुढे झुकून स्टेथोस्कोप लावतो आणि प्रिस्क्रिप्शन लिहितो. त्याची छाती पस्तीसऐवजी वीसच अंश वळते. खुबे आखडलेले असतील तर पेल्व्हिस ४५ ऐवजी तीस अंशांवर अडतो. तीस आणि वीस पन्नास झाले, कंबरेचे दहा धरले तर साठ. बाकीचे तीस कुठून आणायचे? शरीर मोठं लबाड असतं. ते दोन ठिकाणांहून उसने घेतं. एक, कंबरेचे मणके त्यांच्या मर्यादेच्या टोकापर्यंत पिळले जातात आणि जोडीला अंग बाजूला कलतं. दोन, हात आणि खांदे वर उचलले जातात, म्हणजे वळल्यासारखं दिसतं पण वळलेलं नसतं.

पहिल्या उधारीचं व्याज कंबरदुखी. दुसरीचं व्याज स्लाइस. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल सरळ निघून केळ्यासारखा उजवीकडे वळत झाडीत जातो, त्याला स्लाइस म्हणतात. हौशी खेळाडूंचा हा राष्ट्रीय आजार आहे. अंग वळत नसल्यामुळे खाली येताना खांदे आधी उसळी घेतात, काठी बाहेरून आत तिरकी येते, तिचं तोंड त्या मार्गाच्या मानाने उघडं राहतं आणि बॉलला कडेची फिरकी बसते. मग माणूस क्लबमधल्या मित्राचं ऐकून नवा ड्रायव्हर विकत घेतो. छातीचे मणके नवे मिळत नाहीत.

आठपट वजन

कंबरेवर नेमका किती भार येतो? १९९० साली अमेरिकेत झालेल्या मोजमापांत असं दिसलं की स्विंगमध्ये कंबरेच्या चकत्यांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब येतो. सत्तर किलोच्या माणसाच्या चकतीवर, क्षणभरच, पण साडेपाचशे किलोंहून जास्त. नुसता सरळ दाब चकती बऱ्यापैकी सोसते. दाब, पीळ आणि बाजूला कलणं हे तिन्ही एकाच वेळी झालं की तिच्या बाहेरच्या आवरणाच्या धाग्यांना चिरा पडू लागतात. एका स्विंगने सहसा काही होत नाही. पण प्रॅक्टिसला गेल्यावर एका तासात शंभर बॉल मारणारे महाभाग मी पाहतो, तेही गाडीतून उतरून थेट ड्रायव्हर हातात घेऊन.

टायगर वूड्सचं उदाहरण सर्वांना माहीत असतं. २०१४ मध्ये त्याच्या कंबरेच्या चकतीवर पहिली शस्त्रक्रिया झाली, मग आणखी दोन, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वांत खालचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थीचं हाड एकमेकांना कायमचे जोडून टाकावे लागले. त्यानंतर २०१९ ची मास्टर्स स्पर्धा तो जिंकला. माझे पेशंट याचा अर्थ असा काढतात की ऑपरेशन केलं की सगळं ठीक होतं. मला त्यातून वेगळंच दिसतं: जगातल्या सर्वांत तयार शरीरांपैकी एका शरीरालाही हा खेळ एवढं महागात पडू शकतो, तर आपण वॉर्म-अपची पाच मिनिटं वाचवण्यात अर्थ नाही.

मांडी घालता येते म्हणून खुबा मोकळा नसतो

हे आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितो. माझे पेशंट अभिमानाने सांगतात, "डॉक्टर, मी अजून जमिनीवर मांडी घालून जेवतो, माझे खुबे उत्तम आहेत." मांडी घालताना खुबा बाहेरच्या बाजूला फिरतो. गोल्फमध्ये गरज असते ती आतल्या बाजूला फिरण्याची. काठी मागे नेताना उजवा खुबा आत फिरतो, आणि बॉल मारताना सगळं शरीर डाव्या पायावर येऊन डाव्या खुब्याभोवती आत फिरतं. ही आत फिरण्याची हालचाल आपल्या रोजच्या जगण्यात जवळजवळ नसतेच, आणि खुब्याची झीज सुरू झाली की सर्वांत आधी तीच कमी होते. डावा खुबा आत फिरत नसेल तर वेगात आलेलं शरीर अचानक अडतं आणि तो धक्का वरच्या मणक्यांना जातो. गोल्फ खेळणाऱ्या कंबरदुखीच्या पेशंटमध्ये मी आता कंबरेच्या आधी डावा खुबा तपासतो.

घरी पाहायचं असेल तर उंच पलंगाच्या किंवा टेबलाच्या कडेला बसा, पाय खाली लोंबकळू द्या. गुडघा जागेवरून न हलवता आणि बूड न उचलता पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. (पाऊल बाहेर जातं तेव्हा मांडीचं हाड आत फिरतं, गोंधळू नका.) ३५ अंश किंवा जास्त जात असेल तर छान. वीसच्या आत असेल, किंवा दोन्ही बाजूंमध्ये डोळ्याला दिसेल असा फरक असेल, तर तुमचा लांब ड्राइव्ह तिथे अडला आहे. जांघेत दुखत असेल तर स्वतः ताणत बसू नका, एक्स-रे काढून घ्या.

छातीच्या मणक्यांसाठी खुर्चीवर बसा, गुडघ्यांमध्ये उशी दाबून धरा म्हणजे खालचा भाग हलणार नाही. केरसुणीचा दांडा किंवा छत्री छातीवर आडवी धरून दोन्ही बाजूंना वळा. ४५ अंशांपर्यंत, म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधोमध दांडा गेला तर पुरेसं आहे. आणि तिसरं, एका पायावर दहा सेकंद उभं राहून पाहा. ज्याला शांत उभं राहता येत नाही तो ताशी नव्वद मैलांनी काठी फिरवताना तोल कसा सांभाळणार?

कर्नलसाहेब

तीन वर्षांपूर्वी एक निवृत्त कर्नल माझ्याकडे आले. वय ६६. एमआरआयची मोठी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टर, दोन ठिकाणी दाखवून झालंय. दोघांनीही सांगितलं, गोल्फ बंद. तुम्हीही तेच सांगणार असाल तर आत्ताच सांगा, चहा पिऊन जातो."

एमआरआयमध्ये दोन चकत्या थोड्या बाहेर आलेल्या होत्या. त्या वयात न दुखणाऱ्या माणसांचा एमआरआय काढला तरी अशा चकत्या सर्रास दिसतात. पायात मुंग्या नव्हत्या, ताकद व्यवस्थित होती, लघवीची काही तक्रार नव्हती. या गोष्टी असत्या तर मीही काही दिवस तरी खेळ थांबवलाच असता. डावा खुबा मात्र आत जेमतेम बारा-तेरा अंश फिरत होता, उजवा तीसच्या पुढे.

मी म्हटलं, "सध्या नुसता ड्रायव्हर बंद. खेळ बंद नाही."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही चौघं होतो. कोर्सचे. आता दोघं राहिलो. बायको गेल्याला चार वर्षं झाली. सकाळी साडेसहाला मी कुठे जाऊ, ते या रिपोर्टमध्ये कुठे लिहिलंय?"

असं विचारल्यावर डॉक्टरने एमआरआयकडे बघत बसू नये. स्वीडनमध्ये तीन लाख गोल्फ खेळाडूंचा अभ्यास झाला होता, त्यांत त्याच वयाच्या आणि तशाच आर्थिक स्तरातल्या इतरांपेक्षा मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांनी कमी आढळलं; संशोधकांनी त्याचा अर्थ सुमारे पाच वर्षांचं जास्त आयुष्य असा लावला. यातलं सगळं श्रेय गोल्फचं नाही. मुळात तब्येत बरी असणारेच खेळायला जातात, हे धरावंच लागतं. तरी एका राउंडमध्ये आठ-दहा किलोमीटर चालणं, चार तास उघड्यावर आणि सोबतीला माणसं, असं औषध माझ्या कपाटात दुसरं नाही. ते बंद करताना कारण तेवढंच भक्कम लागतं.

दीड महिना त्यांनी फक्त पटिंग आणि जवळचे फटके खेळले. रोज वीस मिनिटं फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. फौजी माणूस, एक दिवस चुकला नाही. चार महिन्यांनी डावा खुबा वीस-बावीस अंशांवर आला. त्यापुढे गेला नाही, जाणारही नाही, कारण सांध्यात झीज आहे. म्हणून उरलेलं काम उभं राहण्याच्या पद्धतीत केलं: डावं पाऊल लक्ष्याच्या दिशेला पंचवीस-तीस अंश उघडं ठेवायचं. पाऊल आधीच बाहेर वळलेलं असलं की खुब्याला तेवढं कमी आत फिरावं लागतं. खर्च शून्य. ड्राइव्ह पंधरा यार्ड वाढला, असं ते सांगतात. निवृत्त फौजी अधिकाऱ्यांच्या यार्डांवर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही, दहा धरू. थंडीत कंबर अजून कुरकुर करते. पण सकाळी साडेसहाला ते टीवर असतात.

टाच उचलायला परवानगी आहे

गेल्या तीसेक वर्षांत एक कल्पना फार लोकप्रिय झाली: खालचा भाग घट्ट धरून ठेवा, वरचा जास्तीत जास्त वळवा, म्हणजे स्प्रिंगसारखा ताण साठतो. जिम मॅक्लीन या अमेरिकन कोचने १९९२ मध्ये खांदे आणि पेल्व्हिस यांच्यातल्या या फरकावर लिहिलं आणि ते जगभर पसरलं. विशीतल्या लवचीक मुलांना याचा फायदा होतो यात शंका नाही. साठीतल्या माणसाने खालचा भाग घट्ट धरला की तो सगळा फरक कोणाच्या खात्यातून जातो, ते वरच्या हिशेबात आलंच.

जुने खेळाडू असं करत नसत. जॅक निक्लॉसचे जुने चित्रपट पाहा, काठी मागे नेताना त्याची डावी टाच जमिनीवरून चक्क उचलली जाते. टाच उचलली की गुडघा आत येतो, पेल्व्हिस मोकळा वळतो आणि कंबरेला पीळ बसत नाही. त्या माणसाने १८ मेजर स्पर्धा जिंकल्या. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला मी सांगतो: टाच उचला, उजवं पाऊलही थोडं बाहेर वळवा, पाठीला वळायला जागा द्या. फटका संपल्यावर पाठीची कमान करून मागे झुकलेलं राहायचं ही जुनी फॅशन मात्र सोडा. शेवटी डाव्या पायावर सरळ, खांबासारखं उभं राहता आलं पाहिजे. तीन सेकंद तसं राहता आलं नाही तर जोर शरीराच्या ऐपतीपेक्षा जास्त होता.

ड्रायव्हरच्या बाकीच्या गोष्टी कोचकडून शिका, मी दोनच सांगतो. बॉल डाव्या टाचेच्या रेषेत आणि टी पुरेशी उंच, म्हणजे काठी वर येताना बॉल लागेल. आणि काठीच्या तोंडावर पांढऱ्या फळ्याच्या मार्करने रेघोट्या ओढून दहा बॉल मारा. जिथे पुसलं गेलं तिथे बॉल लागला. कडेला लागलेला जोरदार फटका मध्यावर लागलेल्या सौम्य फटक्याच्या मागे पडतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर बरेच लोक आपोआप जोर कमी करतात.

अंतराचं वेड फारच असेल तर अदिती अशोकचा टोकियो ऑलिंपिकमधला खेळ आठवावा. २०२१ मध्ये कोविडमधून उठून ती तिथे गेली होती. तिचा ड्राइव्ह सोबतच्या खेळाडूंच्या बराच मागे पडायचा. सरळ फटके आणि पटिंग यांवर ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं.

व्यायाम: थोडे, पण रोज

छातीच्या मणक्यांसाठी कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्या आणि वरचा हात पुस्तकाचं पान उलटल्यासारखा मागे न्या. प्रत्येक बाजूला दहा वेळा. खुब्यासाठी वरची बसून करायची तपासणीच व्यायाम म्हणून करा, सावकाश. नितंबाच्या स्नायूंसाठी उताणं झोपून गुडघे वाकवून बूड उचलणं, आणि जिना एकेक पायरी, कठडा न धरता. हे स्नायू खुर्चीत बसून झोपी गेलेले असतात, आणि गोफणीचा पहिला झटका त्यांनीच द्यायचा असतो.

वयानुसार स्नायूंची ताकद कमी होते, पण त्याहून वेगाने कमी होते ती चपळाई, कारण झटपट आकुंचन पावणारे तंतू आधी झिजतात. म्हणून दुखणं नसेल आणि दोन-तीन महिने पाया तयार झाला असेल, तर ड्रायव्हर उलटा धरून, म्हणजे हलकं टोक खाली करून, आठ-दहा वेळा जमेल तितक्या वेगाने फिरवा. आठवड्यातून दोनदा पुरे. हवेतला सूं आवाज बॉलच्या जागेपुढे यायला हवा, मागे आला तर वेग आधीच खर्च झाला. शाकाहारी मंडळींनी ताटातल्या प्रथिनांकडे बघावं. दोन पोळ्या, भाजी आणि वरणाचं पाणी यावर स्नायू वाढत नाहीत. डाळ घट्ट हवी, दही-पनीर-उसळ हवी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा.

खेळण्याआधी दहा मिनिटं भरभर चाला, हात-खांदे-खुबे फिरवा, मग छोट्या काठीने अर्धे स्विंग, ड्रायव्हर सर्वांत शेवटी. एकाच जागी अर्धा-अर्धा मिनिट ताणून धरण्याचे व्यायाम खेळानंतर करा. आधी केले तर वेग थोडा कमीच होतो. फरक पडायला आठ ते बारा आठवडे लागतात. दोन आठवड्यांनी फोन करून "काहीच होत नाही" म्हणू नये.

इतर दुखणी, आणि एक जे स्नायूचं नसतं

कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात, पण गंमत अशी की हौशी गोल्फ खेळाडूंना बाहेरच्या बाजूचं, म्हणजे टेनिस एल्बो जास्त होतं. दोन्हींत मूठ फार घट्ट आवळणं हे मोठं कारण असतं. नवख्या खेळाडूला डाव्या बाजूला बरगडीवर बोट ठेवताच कळ येत असेल आणि ती दोन आठवड्यांत जात नसेल, तर बरगडीला बारीक तडा असू शकतो. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा आखडतो, त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. तो जबरदस्तीने फिरवून मोकळा होत नाही, उलट चिडतो.

पण मला सर्वांत जास्त काळजी असते ती वेगळ्याच दुखण्याची. एक पेशंट तीन आठवडे छातीच्या डाव्या बाजूला आणि खांद्याला बाम चोळत होते. "नवीन स्विंगची प्रॅक्टिस चालू आहे, स्नायू भरलाय." नीट विचारल्यावर कळलं की दुखणं स्विंग मारताना होत नव्हतं. सातव्या होलच्या चढावर चालताना व्हायचं, आणि बाकावर बसलं की पाच मिनिटांत थांबायचं. ईसीजी त्याच दिवशी, अँजिओग्राफी दुसऱ्या दिवशी, दोन स्टेंट. स्नायूचं दुखणं विशिष्ट हालचालीने किंवा दाबल्याने वाढतं. चालण्याने येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं हृदयाचं समजायचं, छातीत असो, जबड्यात असो की हातात. घाम फुटला, दम लागला, दुखणं बसूनही थांबलं नाही, तर राउंड तिथेच सोडून थेट हॉस्पिटल. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी उपाशीपोटी चार तास चालायला निघू नये. बाराव्या-तेराव्या होलला हात थरथरू लागले, घाम आला, पट सोपा असून चुकला, तर आधी साखर तोंडात टाका, मग स्विंगचा दोष शोधा. बॅगेच्या ज्या कप्प्यात जास्तीचे बॉल ठेवता, तिथेच ग्लुकोजची पुडी ठेवा, आणि ती कुठे आहे हे तुमच्या कॅडीला सांगून ठेवा.